एअर पिस्तूल, .२२ आणि गोळ्या: क्लबच्या खरेदीआधी केलेल्या मोजमापाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

पॅरिस ऑलिंपिकनंतर नागपूरच्या आमच्या छोट्या नेमबाजी क्लबात मुलांची गर्दी वाढली, त्यातही मुली जास्त. मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात एकटीने आणि सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिकमध्ये अशी दोन कांस्यपदकं आणली, त्याचा हा परिणाम. पिस्तुलं मात्र तेवढीच आहेत. एअर पिस्तुलं तीन (एक स्टायर एलपी १०, एक मोरिनी सीएम १६२, एक जुनं फाइनवेर्कबाऊ) आणि क्लबच्या परवान्यावरचं, काडतूस मारणारं एक .२२ कॅलिबरचं पार्डिनी.

आजच्या बैठकीत दोन मतं पडली. सचिव म्हणाले, एक नवं कोरं पिस्तूल घेऊ, मुलांना हुरूप येईल. प्रशिक्षक सरांचं म्हणणं, आहे त्या पिस्तुलांना चांगल्या प्रतीचे छर्रे घ्या, निम्मे गुण तिथेच जातात. दोघंही ठामपणे बोलत होते, पण आकडा कोणाकडेच नव्हता. हिंगण्याच्या टूलरूममध्ये मी २६ वर्षं मायक्रोमीटर हातात धरलाय, त्यामुळे माझ्यावर जबाबदारी आली: आधी मोजा, मग पैसे काढू. ही वही त्यासाठी.

१६ नोव्हेंबर २०२४

हाताने मारून पिस्तूल किंवा छर्रा तपासता येत नाही. तिथे आपण हातच तपासत असतो. म्हणून पिस्तूल पक्कं धरणारा शिकंजा लागतो. जुन्या व्हाइसच्या जबड्यांना सागवानाच्या पट्ट्या लावल्या, त्यावर चामडं चिकटवलं. पिस्तुलाची मूठ काढून नुसती बॉडी धरायची. नळीला शिकंजा लागता कामा नये, दाब पडला की नळी वाकते आणि सगळं मोजमाप वाया जातं. टेबल हलतं म्हणून त्याच्या पायांवर वाळूची पोती ठेवली.

छर्रे तोलायला इतवारीच्या सराफ्यातल्या एका ओळखीच्या दुकानात गेलो. त्यांचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. मालकांनी विचारलं, "हे काय तोलून राहिले जी, शिसं?" सांगितल्यावर त्यांनीच चिमटा दिला आणि शेवटपर्यंत शेजारी बसून आकडे लिहून घेतले.

प्रत्येक डब्यातले वीस-वीस छर्रे तोलले. आरडब्ल्यूएस आर १० चे दोन प्रकार, ०.४५ ग्रॅमचा हलका आणि ०.५३ ग्रॅमचा जड. एच अँड एनचा फिनाले मॅच, ०.५३ ग्रॅम. चौथा, मुलं रोज वापरतात तो स्वस्त सरावाचा छर्रा. मॅचच्या तिन्ही डब्यांत हलक्यात हलका आणि जडात जड यांच्यात ५ ते ६ मिलिग्रॅमचं अंतर. सरावाच्या डब्यात २३ मिलिग्रॅम. शिवाय त्यातल्या दोन छर्र्यांचा घेर चेपलेला होता.

२४ नोव्हेंबर २०२४

पहिली मोजणी. सकाळी सहाला रेंज उघडली, मुलं यायच्या आत संपवायचं होतं. सरांनी दोरी धरून कागद बदलले. पाच-पाच गोळ्यांचे पाच गट, प्रत्येक पिस्तुलातून, प्रत्येक छर्र्याचे. म्हणजे ३०० गोळ्या. हातमोज्यातूनही बोटं गारठली.

मोजायची रीत: गटातल्या दोन सर्वांत दूरच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यातून छर्र्याचा व्यास, ४.५ मि.मी., वजा करायचा. म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. चपट्या तोंडाचा छर्रा कागद पंच केल्यासारखा गोल कापतो, म्हणून व्हर्नियरने मोजता येतं.

पाच गटांची सरासरी अशी. स्टायरमधून जड आर १० ला ३.१ मि.मी., फिनाले मॅचला ३.७. मोरिनीत उलट, फिनाले मॅच ३.३ आणि आर १० ३.९. जुन्या फाइनवेर्कबाऊतून दोन्ही साडेचारच्या आसपास. सरावाचा छर्रा तिन्हींतून ८ ते ९.

एकाच डब्यातला छर्रा एका नळीला मानवतो आणि दुसरीला तेवढा मानवत नाही, हे ऐकलं होतं. आज कागदावर पाहिलं. छर्र्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो तो यासाठीच. शंभराव्या भागाचा फरक टूलरूमवाल्याला नवा नाही, पण एवढ्या मऊ शिशात तो टिकतो याचं नवल वाटलं.

२५ नोव्हेंबर २०२४, रात्री

आकड्यांचा अर्थ लावत बसलो. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं असतं. पण छर्र्याची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छर्र्याचा मध्य केंद्रापासून ५.७५ अधिक २.२५, म्हणजे ८ मि.मी. पर्यंत असला तरी दहा. पुढे प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या ८ मि.मी. ने वाढते. फायनलच्या दशांश गुणांत ०.१ म्हणजे ०.८ मि.मी.

म्हणजे मॅचच्या छर्र्याचा ३-४ मि.मी. चा गट दहाच्या जागेत, १६ मि.मी. रुंदीत, सहज बसतो. आमचं सर्वांत जुनं पिस्तूलसुद्धा शिकंजात धरलं तर स्पर्धेच्या साठच्या साठ गोळ्या दहात मारेल. सरावाचा ८-९ मि.मी. चा गटही हात अचूक असला तर दहातच राहतो. पण हात अचूक नसतो. मुलीने ६ मि.मी. वर धरलं आणि छर्रा त्याच दिशेला आणखी ४ मि.मी. सरकला, तर दहाचा नऊ झाला, आणि तिला वाटणार की चूक तिचीच. मला हे जास्त लागलं. शिकणाऱ्याला स्वतःची चूक आणि छर्र्याची चूक वेगळी दिसली पाहिजे.

वजनाचा हिशोबही केला. छर्रा साधारण १५० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो, १० मीटरला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे २२ मि.मी. खाली येतो. वजनात २० मिलिग्रॅमचा फरक पडला तर वेग दोनेक टक्के बदलतो आणि पडण्यात साधारण १ मि.मी. चा फरक होतो. म्हणजे दशांशात एका आकड्याचा. हलक्या छर्र्यावरून जड छर्र्यावर गेलं तर मात्र ३ ते ४ मि.मी. चा फरक पडतो, त्यामुळे डबा बदलला की साइटचे (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खाच-खुंटीचे) क्लिक बदलावेच लागतात. आमच्याकडे मुलं समोर येईल तो डबा उघडतात. हे उद्यापासून बंद.

१ डिसेंबर २०२४

एका मुलाचे काका आले होते. त्यांच्याकडे स्वसंरक्षणासाठी घेतलेलं कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. २० तारखेच्या मतदानापूर्वी आचारसंहितेत ते ठाण्यात जमा केलं होतं, आता परत मिळालं. "ह्याच्यावरच शिकवा ना पोराला. घरात आहेच तर नवीन कशाला?"

काकांना सविस्तर सांगितलं, इथेही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न पुन्हा येणार. परवाना त्यांच्या नावावर आहे, हत्यार मुलाच्या हातात देता येत नाही. २१ वर्षांखालच्याला स्वतःचा परवाना मिळत नाही, तो क्लबच्या हत्याराने, रेंजवर, देखरेखीखालीच मारू शकतो. दुसरं, ते रिव्हॉल्व्हर जवळून जीव वाचवायला बनवलंय. आखूड नळी, पक्क्या बसवलेल्या साइट, जड ट्रिगर. .३२ काडतुसाला स्पर्धेत जागा आहे. २५ मीटर सेंटर फायरमध्ये ७.६२ ते ९.६५ मि.मी. पर्यंतचं कॅलिबर चालतं आणि मोठमोठे नेमबाज .३२ च्या चपट्या तोंडाच्या गोळीनेच ती स्पर्धा मारतात. पण ते पिस्तूल वेगळं, मूठ वेगळी, साइट हलवता येणारी.

नवशिक्यासाठी एअर पिस्तूल का, याचं उत्तर कायद्यातही आहे आणि मनगटातही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मि.मी. पर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. आमच्या पिस्तुलाचा हिशोब: ०.५३ ग्रॅम, १५० मीटर, म्हणजे जेमतेम ६ जूल. धक्का जवळपास नाही, आवाजाने पोर दचकत नाही. दचकण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला वर्ष जातं.

काका समजून गेले. जाताना मुलाच्या नावाने छर्र्यांच्या दोन डब्यांचे पैसे देऊन गेले.

१५ डिसेंबर २०२४

ट्रिगर तपासले. १० मीटरला किमान ५०० ग्रॅम लागतात. नळी उभी धरून वजन ट्रिगरला अडकवायचं आणि उचलायचं, वजन उचललं गेलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. लेथवर पितळेची दोन वजनं काढली, एक ५०० चं, एक .२२ साठी १००० चं. तीनपैकी एक पिस्तूल ४७० वरच सुटत होतं. हे स्पर्धेच्या तपासणीत सापडलं असतं, तर त्या मुलाचा प्रवासच वाया गेला असता. स्क्रू फिरवून ५२० वर आणलं.

मोरिनीचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे. दर वेळी तंतोतंत एकसारखा सुटतो, ही त्याची जमेची बाजू. यांत्रिक ट्रिगरला बॅटरी लागत नाही, ही त्याची. टोकियोत २०२१ ला मनूच्या पिस्तुलात स्पर्धेच्या मध्येच बिघाड झाला, बरीच मिनिटं गेली, ५७५ गुणांवर तिची फायनल हुकली. पिस्तूल कोणतंही असो, सुटा भाग आणि दुसरं पिस्तूल जवळ हवंच, हा धडा आम्ही घेतला. सरांच्या पेटीत आता दोन जादा बॅटऱ्या आणि सीलचा संच असतो.

उद्यापासून विधिमंडळाचं अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद असतील, मुलांना आठवडाभर काटोल रोडकडून यायला सांगितलं.

५ जानेवारी २०२५

२५ मीटर. ही रेंज आमची नाही, वेळ मागून घेतो, त्यामुळे दोन तासांत उरकावं लागलं.

.२२ मध्ये तीन प्रकार घेतले: एलीचं आणि एसकेचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस आणि कपाटात पडून असलेला हाय व्हेलॉसिटीचा एक डबा. तिन्हींत गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. स्टँडर्डचा वेग सव्वातीनशे मीटरच्या आसपास, हाय व्हेलॉसिटीचा पावणेचारशेच्या पुढे. शिकंजातून दहा गोळ्यांचे गट: एली १९ मि.मी., एसके २२, हाय व्हेलॉसिटी ३४.

अचूक फेरीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मि.मी., गोळीची कड धरून मध्यापासून जवळपास २८ मि.मी. पर्यंत दहा. म्हणजे इथेही तिन्ही गट दहात. एली आणि एसकेमधला ३ मि.मी. चा फरक आमच्या मुलांच्या कामाचा नाही.

कामाचा फरक दुसराच. मॅच पिस्तुलाची स्प्रिंग स्टँडर्ड काडतुसाच्या ताकदीला जुळवलेली असते. हाय व्हेलॉसिटीने बोल्ट जोरात मागे आदळतो, नळी जास्त उसळते, आणि जलद फेरीत ३ सेकंदांत पिस्तूल उचलून एक गोळी मारायची असते तिथे हात बसायला वेळ लागतो. पिस्तुलाच्या आयुष्यालाही ते बरं नाही. कपाटातल्या डब्यातली दोन काडतुसं फुटलीच नाहीत. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. दोन पावसाळे साध्या लाकडी कपाटात गेले, दमटपणाने काही बिघडलं असावं. न फुटलेल्या काडतुसाला नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग काढायचं. मोठ्या मुलीने न सांगता तसंच केलं, माझं मोजमाप थांबवून मी तिचं कौतुक केलं.

डबा मोडीत काढला. काडतुसं आता हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून.

१९ जानेवारी २०२५

या सगळ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची नोंद आजची आहे.

शिकंजातून प्रत्येक पिस्तूल दहा मारतं, तर मुलांचे दहा जातात कुठे? मागची आणि पुढची साइट यांच्यातलं अंतर मोजलं. स्टायरचं ३२० मि.मी. आता पुढची साइट खाचेत किती सरकली की दहा जातो? ८ मि.मी. ला १० मीटरने भागा, ३२० ने गुणा. उत्तर ०.२५६. पाव मिलिमीटर.

मग २५ मीटरचं केलं. तिथे दोन साइटमधलं अंतर नियमानेच २२० मि.मी. च्या वर नेता येत नाही. २८ मि.मी. भागिले २५ मीटर गुणिले २२०. उत्तर ०.२४६. पुन्हा पाव मिलिमीटर!

दोनदा करून पाहिलं. वेगळं पिस्तूल, वेगळी गोळी, अडीचपट अंतर, आणि माफ होणारी चूक तेवढीच. जाड पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. हात थोडा डोलला तरी पिस्तूल अख्खं एकत्र सरकतं, टार्गेटवर हात डोलेल तेवढंच चुकतं. पण मनगट किंवा बोटाने साइटचं जुळणं पाव मि.मी. ने बिघडलं की दहा गेला. सर हे वर्षानुवर्षं सांगतात, "टार्गेट धूसर दिसू द्या, साइट स्वच्छ दिसली पाहिजे." ते का, हे मला आज आकड्यांतून कळलं. रात्री त्यांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे फळ्यावर लिहा."

लिहिलं. खाली पाव मि.मी. चा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) दोऱ्याने टांगला, मुलं येता-जाता बोटांत धरून पाहतात.

२ फेब्रुवारी २०२५

पाव मि.मी. बिघडतो कुठे? मुठीत. आमच्या तिन्ही पिस्तुलांच्या मुठी मध्यम आकाराच्या, उजव्या हाताच्या. चौदा मुलांचे तळहात मोजले. सहा जणांना ती मूठ मोठी होते. बोट ट्रिगरपर्यंत पोचवायला ते तळवा फिरवतात, आणि ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो.

आणि एक मुलगी डावखुरी आहे. वर्षभर ती उजव्या मुठीवर उजव्या हाताने मारत होती, कारण डावी मूठ नव्हती आणि कोणी तिला विचारलंही नव्हतं. मीही नाही. तिला वाटत होतं की नियमच तसा आहे.

तिची डावी मूठ बनवायला घेतली. शिसमाचा ठोकळा, तिच्या तळहाताचा ठसा मेणात घेतला, कानशीने आकार दिला, जिथे कमी पडलं तिथे लाकडाचा भुसा आणि इपॉक्सीचा लेप. १० मीटरला पिस्तूल मुठीसकट ४२० × २०० × ५० मि.मी. च्या पेटीत बसावं लागतं, मूठ मनगटाला वेढा घालू शकत नाही. जाडीचे ५० मि.मी. सर्वांत आधी संपतात, तिथेच तीनदा घासावं लागलं.

इतर सहा जणांसाठी छोट्या आकाराच्या दोन मुठी.

९ मार्च २०२५

पाच आठवड्यांचे कागद समोर आहेत. डावखुऱ्या मुलीची दहा गोळ्यांची सरासरी ८३ होती. हात बदलल्यावर पहिले दहा दिवस ७६ पर्यंत घसरली, ती रडली, तिच्या आईलाही वाटलं की आपण चूक केली. आता ८८. छोट्या मुठीवाल्या सहा जणांपैकी चौघांचे गुण दोन ते चार गुणांनी वाढले, दोघांचे जैसे थे. सगळं श्रेय मुठीचं नाही, या काळात सरावही झाला. पण गटाचा मध्य जो खाली एका बाजूला जायचा तो आता मध्यावर आलाय, ते मुठीमुळेच.

बैठकीत ठरलं. नवं पिस्तूल या वर्षी नाही. तीन छोट्या आणि एक डावी मूठ कंपनीकडून मागवायची, माझी शिसमाची तोवर चालेल. छर्रे मॅचचे, पण वर्षभराचे एकाच लॉटचे: स्टायरला आर १०, मोरिनीला फिनाले. सरावाचा स्वस्त छर्रा फक्त नव्या मुलांच्या पहिल्या महिन्यासाठी. .२२ ला एसके. सचिवांनी स्वतःहून ठराव लिहिला.

२० एप्रिल २०२५

तापमान ४४ च्या पुढे गेलंय. हवेच्या सिलिंडरची नोंद राहिली होती. सिलिंडर २०० बारला भरतो. २५ अंशांना भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६५ अंशांना तापला तर दाब २२७ बारच्या आसपास जातो. नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत ६५ अंश सहज होतात. पिस्तुलाची पेटी डिकीत ठेवायची नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. भरताना फक्त कोरडी हवा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाच्या थेंबाशी त्याचा स्फोट होतो.

प्रत्येक सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि आयुष्य दहा वर्षं. आमचे पाचही काढून पाहिले. एकाची मुदत गेल्या ऑगस्टमध्येच संपली होती, आणि तो या उन्हाळ्यापर्यंत मुलांच्या हातात होता. हवा सोडून, सिलिंडरचं तोंड कापून भंगारात दिला. उरलेल्या चारांच्या तारखा मुठींच्या यादीखाली फळ्यावर लिहिल्या आहेत. पुढची मुदत जून २०२६.